पेशी जेवायला लागल्या

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी संशोधन करत होते, तेव्हा माझ्या पेशी जेवत नव्हत्या. उंदराच्या शरीरातून काढलेल्या पांढऱ्या पेशी त्या. बाहेरून आलेलं काहीही गिळून टाकणं हेच त्यांचं काम. मी त्यांच्यापुढे मेलेलं यीस्ट ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायची. त्या मात्र लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारख्या ढिम्म.

"तुमच्या हाताला गुण नाही," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. "सोमवारपर्यंत काही दिसलं तर बघू, नाहीतर हा विषय बंद करा." पुण्यात अपमानसुद्धा अहो-जाहो करूनच होतो. मी मनातल्या मनात धुमसत राहिले. हा विषय मी हट्टाने मागून घेतला होता.

आमच्याकडे पेशींच्या प्रत्येक बाटलीत अँटिबायोटिक घालायची रीत होती, जंतू शिरू नयेत म्हणून. फोडणीत हिंग पडावा तसं ते पडायचं, कुणी विचारही करत नसे. नेमकं त्याच आठवड्यात ते संपलं आणि नवी पेटी वाटेत अडकली. बाकीच्यांनी कामं थांबवली. मला थांबून चालणार नव्हतं. मी त्याच्याविनाच पेशी वाढवल्या. हात इतके जपून चालवले, की नारायण पेठेतल्या आमच्या घरी सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आईनेही मान डोलावली असती.

आणि पेशी जेवल्या! अक्षरशः अधाशासारख्या. एकेकीच्या पोटात यीस्टचे दाणे दाटीवाटीने बसले होते. यीस्ट तर मेलेलंच, त्याला औषधाने काय फरक पडणार? बदल झाला होता तो पेशींमध्ये. जंतूंना मारणारं औषध माझ्या पेशींनाही सुस्त करत होतं. पेटी आल्यावर मी खात्री करून घेतली. एका बशीत औषध घातलं, दुसरीत नाही. औषधाच्या बशीतल्या पेशी पुन्हा रुसून बसल्या. रिकाम्या खोलीत मी एकटीच मोठ्याने हसले.

सोमवारी सर आले. मी औषधाविना वाढवलेली बशी सूक्ष्मदर्शकाखाली लावून ठेवली होती, औषधाची बशी शेजारीच होती. त्यांनी डोळा लावला तो काढलाच नाही.

"मग सर, विषय बंद करायचा ना?" मी अगदी नम्रपणे विचारलं.

"जरा गप्प बसा," डोळा तसाच ठेवून ते म्हणाले, "आणि दुसरी बशी लावा."

मी लावली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाचंच ऐकलं नव्हतं.