डावं शिंग

मारुंजी गाव सोडलं, तरी तिथल्या चौकातले काका अजून आठवतात. सकाळी मी कंपनीच्या गाडीची वाट बघत असायचे, तेव्हा ते चहाच्या टपरीपुढच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून फोनशी बोलत बसलेले असायचे. आपण सांगू ते चित्र तो फोन काढून द्यायचा. काकांना चित्र मात्र एकच हवं असायचं, जमिनीपाठोपाठ विकलेल्या त्यांच्या बैलाचं.

"डावं शिंग वाईच खाली वाकल्यालं. कपाळावर पांढरा ठिपका. आन् जुवाला डावीकडंच बरं का. उजवीकडं जुंपला तर जागचा हलायचा न्हाई."

फोन दरवेळी सरळ शिंगांचा, देखणा बैल काढायचा आणि नेमका उजवीकडे जुंपायचा. काका दोन बोटांनी चित्र मोठं करून निरखायचे आणि खुशीत म्हणायचे, "ह्यो आमचा न्हाई!"

एके दिवशी मला राहवेना. म्हटलं, "काका, बैलाचा जुना फोटो असेल ना? तो टाकला की हुबेहूब चित्र येईल. आणा, मी करून देते."

"फोटू हाय की घरात," ते म्हणाले. "पन नको ताई. बरोबर आला तर मंग उद्या काय सांगू ह्येला? आमचा बैल कसा व्हता, ते आता घरात कोन इचारतंय?"

तेवढ्यात गाडी आली. चढताना मागून त्यांचा आवाज ऐकू आला, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा.

"तर बघ, आमचा एक बैल व्हता..."