शंभर पिल्लांचं पार्सल आणि आबांची खोली

चहा सांगितलाय, तो येईपर्यंत ऐका. माझ्या हातून आजवर गाढवपणा पुष्कळ झाला. पण हा जो झाला, त्याची आठवण आली की भरदुपारी अंगावर काटा येतो. आणि हसूही येतं, हीच पंचाईत आहे.

मी फोनवरून शंभर गावरान पिल्लं मागवली होती. जिवंत, एक दिवसाची. आता तुम्ही म्हणाल, जिवंत जीव पार्सलने येतो का? मीही हेच विचारलं होतं. हॅचरीवाला म्हणाला, "पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, दोन-तीन दिवस दाणापाणी लागत नाही. फक्त गारठा लागू देऊ नका. गारठली की आधी गप्प होतात, मग संपतात."

ते "आधी गप्प होतात" माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

घरात मी कुणाला बोललो नव्हतो. आमचे चुलते, आबा, घरातले कर्ते. आबा आणि काकू दोघंही माळकरी. पोटी लेकरू नाही, मलाच मुलगा मानलेला. आबांनी मला सरळ बजावलं होतं, "मी हाये तंवर ह्या घरात कोंबडीचं पाऊल पडणार न्हाई." मी शेतात गुपचूप शेड घातलं. म्हटलं, पिल्लं आली की बघू, चिवचिव ऐकून विरघळतील.

तर आबाच गेले. सकाळी आपल्या खोलीत चहाची बशी खाली ठेवली आणि गेले, कुणाशी एक शब्द न बोलता.

मी हॅचरीवाल्याला फोन केला, तेराव्यानंतर पाठवा म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, अंडी मशीनमध्ये गेलीत. ती तुमचा तेरावा बघून फुटत नाहीत."

इकडे काकूला एकच घोर लागला होता. जेवण नाही, झोप नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. रोज मला विचारायची, "न बोलता गेले रे. अडकून तर न्हाई बसले कुठं?"

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस जिथे गेला तिथे दिवा ठेवतात. दहाव्याला गोदावरीवर निघताना त्या दिव्याशेजारी पीठ चाळून पसरतात, वर बांबूची पाटी पालथी घालतात आणि खोलीला कुलूप लावतात. परत आल्यावर पाटी उचलायची आणि पिठावर कसली पावलं उमटली ते बघायचं. त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं. काकूचे प्राण त्या पाटीत अडकले होते म्हणा ना.

दहाव्याच्या सकाळी पीठ पसरून, पाटी घालून सगळे ट्रॉलीत बसले. कुलूप लावायला मी एकटा मागे राहिलो, आणि नेमकी तेव्हाच घनसावंगीची काळीपिवळी जीप दारात थांबली. ड्रायव्हर लतीफभाईंनी भोकं पाडलेला खोका माझ्या हातात दिला.

"पार्सलची गाडी रस्त्यात बंद पडल्ती म्हणं. दोन दिवस अडकून होतं. पण ह्यात हाय काय? आवाज बिलकुल येऊन राह्यला न्हाई."

थंडीचे दिवस. खोका हाताला गार लागला. मी कान लावला. आत काहीच नाही.

शेतात न्यायला वेळ नव्हता, तिकडे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. घरात ऊब एकाच जागी होती, आबांच्या दिव्यापाशी. मी घराच्या मागच्या दाराने खोका आबांच्या खोलीत नेला, धान्याच्या कणगीच्या आडोशाला दिव्याजवळ ठेवला आणि झाकण उघडलं. एका कोपऱ्यात सगळी पिल्लं एकमेकांना चिकटून पडलेली, एकही हलत नव्हतं. मी एकाला बोट लावलं. त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. मी झाकण लावून वर सुतळीच्या दोन गाठी मारल्या, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि पळालो.

घाटावर पिंड ठेवला. बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. तासभर झाला. भावकीतले थोरले दगडूनाना म्हणाले, "त्यांच्या मनात काही राह्यलंय. बोल, रमेश."

मी बोललो. काकूला सांभाळीन, जमीन विकणार नाही, तंबाखू सोडतो. कावळे नुसते माझ्याकडे बघत बसले. काकू मान खाली घालून उभी. शेवटी मी पिंडापाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "आबा, चुकलं. पिल्लं आल्यात. तुमच्याच खोलीत ठेवलीत. जरा बघा त्यांच्याकडं."

माझं वाक्य पुरं होण्याआधी कावळा खाली उतरला. खरं सांगतो, मला तिथेच घाम फुटला.

घरी आलो. कुलूप मीच उघडलं. नानांनी पाटी उचलली. पिठाच्या बरोबर मधोमध एक ओळ, चिमुकली, तीन बोटांची पावलं. कुठून आली नाहीत, कुठे गेली नाहीत, चारी कडांचं पीठ सपाट होतं. नानांनी टोपी काढली.

"पाखरू झाले," काकू म्हणाली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा रडली.

तेवढ्यात कणगीमागून आवाज आला. चिव.

काकूने हात जोडले. "बोलले," ती म्हणाली.

मला राहवेना. विधवा बाई माझ्या कोंबड्यांना हात जोडतेय, याची मला भयंकर लाज वाटली. मी खोका ओढून बाहेर काढला. "काकू, हे आबा न्हाईत. हे माझं पार्सल हाय." आणि सगळं कबूल करून टाकलं. म्हटलं, आता घराबाहेर काढणार.

पण नाना खोक्याकडे बघत होते. "सुतळी कुणी बांधली?"

"मीच."

"गाठी तशाच हायेत. मंग बाहेर कोण आल्तं?"

खोली झाडून काढली. एकही पिल्लू बाहेर नव्हतं. नाना म्हणाले, मोजा. मग अख्खी भावकी कांबळं अंथरून पिल्लं मोजायला बसली. सगळी जिवंत. मोजदाद भरली एकशे एक. खोक्यावर चिठ्ठी होती शंभरची.

माझ्या जिवात जीव आला. वाटेत मरतात म्हणून हे लोक जास्तीची पिल्लं टाकतात, मला माहीत होतं. सगळ्यांच्या देखत मी स्पीकरवर फोन लावला. "एक जास्तीचं टाकलं होतं ना?"

"नाही साहेब, शंभर म्हणजे शंभर. आणि दोन दिवस अडकलं म्हणता, निम्मी तरी गेली असतील ना?"

मी फोन ठेवला. काकूने खोक्यात वाकून पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि शांतपणे म्हणाली, "ह्यातच हायेत."

त्या दिवसापासून काकू नीट जेवते, नीट झोपते. माझी मात्र झोप गेली. माळकरी बाई, पण रोज शेडवर जाऊन स्वतः दाणे टाकते. पक्षी वजनाला भरले तेव्हा मी व्यापाऱ्याला बोलावलं. तो टेम्पो घेऊन आला, तर शेडच्या दारात काकू पाटावर बसलेली, हातात जपमाळ.

"न्या की," ती म्हणाली. "मी कुठं न्हाई म्हणून राह्यले? फक्त आमचे कोणते तेवढं दाखवा. ते ठेवा, बाकीचे न्या."

व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. मी बी.एस्सी. झालेला माणूस. एकशे एक माना एकदम माझ्याकडे वळल्या होत्या. मी व्यापाऱ्याला बाजूला घेतलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणालो, "पुढच्या आठवड्यात या. आज आबा जेवले न्हाईत."