देवीच्या सळया

आमच्या मिलच्या ऑफिसमागे, पाण्याच्या टाकीला लागून, लोखंडी सळयांचा एक ढीग पडलेला असे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्या ढिगात अडकून माझी नवी साडी टरकन फाटली. मी तशीच तणतणत भट्टीपाशी गेले आणि मिस्त्रींवर ओरडले, "हे भंगार इथं कशाला ठेवलंय? विकून टाका की!" मी मूळची सांगलीकडची. आमच्याकडे याला ओरडणं नव्हे, बोलणं म्हणतात.

मिस्त्री हसले. मिलमधले सगळ्यात जुने कामगार ते, भट्टीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. तुर्भ्याजवळच्या खाडीकाठच्या गावात राहायचे. नव्या शहरासाठी त्यांची भातशेती गेली आणि तिच्या बदल्यात ही नोकरी मिळाली होती. मला म्हणाले, "भंगार नाय, बाय. देवीचा माल हाय त्यो. हात नका लावू."

मिलची रीत अशी होती, की भट्टी बरेच दिवस थंड राहून पुन्हा पेटली, की निघणारी पहिली सळई विकायची नाही. ती गार झाली की मिस्त्री मधोमध वाकवून टाकीमागे नेऊन ठेवत. ती गावदेवीची. गावात देवळापुढे सभामंडप बांधायचा होता, तेव्हा ती लागणार. मिलच्या मालकांना, आमच्या शेठना, हे ठाऊक होतं आणि चालतही होतं. मला मात्र फाटलेल्या साडीचा राग विसरायला महिना लागला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. आम्ही दोघं नवराबायको वाशीला एका खोली-किचनच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. खिडकीतून बघावं तिकडे अर्धवट बिल्डिंगा आणि त्यांच्या डोक्यावर उभ्या सळया. मला वाटायचं, शहर उभं राहतंय आणि आपण सळया करणाऱ्या मिलमध्ये टायपिस्ट, म्हणजे नोकरीला मरण नाही. किती भाबडी होते मी!

कारण लोखंड तेव्हा बाजारात जाऊन आणायची वस्तू नव्हती. आमची मिल लोखंड तयार करत नसे. मोठ्या पोलाद कारखान्यांतून लोखंडाचे लांब चौकोनी ठोकळे यायचे, त्यांना बिलेट म्हणत. ते भट्टीत लाल करून फिरत्या रुळांमधून दाबत दाबत सळया काढायच्या, एवढंच आमचं काम. पण देशात बिलेट कमी आणि मागणारे फार. मग सरकारी कोटा, त्यासाठी अर्ज, अर्जाला स्मरणपत्र आणि स्मरणपत्राला 'विचाराधीन आहे' असं उत्तर. आमच्यासारख्या बारक्या मिलच्या वाट्याला सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं यायचं, तेही उरलं तर. कधी बिलेट आले तर वीज नसायची. बाहेर बिल्डर सळयांसाठी हात जोडून बसलेले आणि आत भट्टी थंड, असा विनोद मी रोज बघत होते.

काही नसेल तेव्हा शेठ मुंबईहून मोडीत काढलेल्या जहाजांचे पत्रे आणत. ते कापून, पट्ट्या करून काम चालायचं. तेही नसेल तेव्हा माणसं यंत्रांना तेल घालत, नाहीतर पत्ते कुटत बसत. अशा बंदच्या दिवसांत दोघं-तिघं उरणकडे गोदामांत कामाला गेले ते परत आलेच नाहीत. मिस्त्री रोज वेळेवर येऊन गार भट्टीची कवाडं उघडून बघत आणि पुन्हा लावत. मी एकदा चिडवलं, "मिस्त्री, आत मांजर व्यायलीय का?" तर म्हणाले, "व्याली तर बरं व्हईल. कायतरी तरी निघल आतून."

एके दिवशी शेठनी मला आणि मिस्त्रींना बोलावून सरळ सांगितलं, "बाई, या वेळी कोटा नाय आला तर खलास. मी भट्टी तोडणार, शेड गोदामाला भाड्यानी देणार. मिस्त्री, मला पण वाईट वाटतंय, पण मी तरी काय करू?" बाहेर आल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "बाय, अर्ज झ्याक लिव्हा." तीस माणसं होती आमच्याकडे. बाकीच्यांना तरणेपण तरी होतं. मिस्त्रींकडे आता शेत नव्हतं, आणि त्या वयात दुसरी भट्टी त्यांना कोण देणार होतं?

मी अर्ज झ्याक लिहिला. तीन प्रतींत, एकही खाडाखोड न करता. 'कच्च्या मालाअभावी मिल वारंवार बंद ठेवावी लागते' या वाक्याखाली मी रेघ मारली. 'तयार मालाची शिल्लक' या रकान्यात 'निरंक' असं टाइप केलं. तो शब्द मला फार आवडायचा. काही नाही हे सांगायलासुद्धा केवढा भारदस्त शब्द!

पंधरा दिवसांनी तपासणीला एक साहेब आले. कोट्याचा स्वस्त माल घेऊन तो काळ्या बाजारात विकणारे बरेच होते, म्हणून मिल खरी की नुसती कागदावरची, हे बघायची त्यांची ड्यूटी. किडकिडीत गृहस्थ, काखेत छत्री, बोलणं मोजकं. त्यांनी भट्टीच्या विटांवर हात ठेवून पाहिला. रुळांवर बोट फिरवलं. गोदामात वाकून कानाकोपरे तपासले. सगळं अर्जाप्रमाणे रिकामं होतं. शेठचा चेहरा खुलला. साहेब म्हणाले, "हात कुठे धुवायचे?" आणि पाहुणचाराच्या भरात मी, हो मीच, त्यांना टाकीकडे घेऊन गेले.

साहेबांनी हात धुतले नाहीत. ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय?"

"देवीचं आहे," मी म्हणाले. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, की त्या सळया म्हणजे तयार माल. साडी फाटली तेव्हा ते मला भंगार दिसलं होतं आणि आता रोज पाहून पाहून ते देवीचं झालं होतं. माल ते मला कधी दिसलंच नाही.

"तुम्ही निरंक लिहिलंय," साहेब म्हणाले. "लपवलेला स्टॉक सापडला की कोटा रद्द. माहितीय ना?"

शेठ धावत आले, हिंदी, मराठी, गुजराती सगळ्यात एकदम बोलायला लागले. मिस्त्री तेवढे शांतपणे आले आणि ढिगाशेजारी उकिडवे बसले.

"साहेब, लपवायचा माल असा आसतो काय? बघा तरी," ते म्हणाले. "ही जाडी, ही बारीक. ही गेल्या शिमग्याची, अजून निली दिसते. ही खालची बघा, गंजून लाल झाली. दोन सल्या एकसारख्या दाखवा मना."

साहेब छत्री बाजूला ठेवून खरोखरच वाकले. माणूस लोखंडातला जाणकार होता. काळ्या बाजाराचा माल एका मापाचा, एका दिवसाचा, गठ्ठ्याने बांधलेला असतो, हे त्यांना आमच्याहून चांगलं कळत होतं. त्यांनी एकेका सळईवरून अंगठा फिरवला. "एकेकच का?"

"मिल बंद पडून पुन्ना पेटली का पयली सली देवीची."

साहेब मोजायला लागले. मीही मनातल्या मनात मोजत होते. एक्केचाळीस भरल्या. साहेब सरळ उभे राहिले. "म्हणजे एक्केचाळीस वेळा तुमची मिल बंद पडली?"

मी तीन प्रतींत रेघ मारून जे सांगत होते, ते या ढिगाने एका झटक्यात सांगून टाकलं होतं. इतकी वर्षं आम्ही त्याच्या बाजूने येत-जात होतो आणि एकानेही कधी मोजलं नव्हतं.

"ही रीत काढली कोणी?" साहेबांनी विचारलं.

"काडली कोनी नाय, साहेब. हितंच आमचं भाताचं शेत व्हतं. कापनी झाली का पयली लोंबी देवीला जायची. आता हितं सली पिकते."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते लपवायला मी नळ सोडला आणि साहेबांना म्हणाले, "हात धुता ना?"

साहेबांनी हात धुतले, रुमालाने सावकाश पुसले. म्हणाले, "देवीसाठी माझ्या फॉर्मात रकाना नाही. मी आता जेवायला जातो. जेवून आलो की स्टॉक पुन्हा मोजणार. देवीचा माल देवीकडे जाऊ द्या."

पुढचा दीड तास मिलमध्ये जी धांदल उडाली, तशी लग्नघरातही पाहिली नाही. गेटपासशिवाय खिळाही बाहेर न्यायचा नाही, असा आमचा नियम. म्हणून मी घाईघाईने गेटपास टाइप केला. पार्टीचे नाव: गावदेवी. माल: सळया, एक्केचाळीस नग. वॉचमनने तो दोनदा वाचला आणि वाहनाच्या रकान्यापुढे काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हणाले, "खांदे लिहा." तीस माणसं सळया खांद्यावर घेऊन ओळीने गावाच्या वाटेला लागली. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे विसरून बघत राहिले. गावातल्या बायकांना वाटलं, मिल कायमची मोडली आणि वाटणी चाललीय.

साहेब जेवून आले, टाकीमागे पाहिलं, 'निरंक' या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि छत्री घेऊन गेले. पुढच्याच महिन्यात कोटा आला, पुरेसा नाही पण नियमित. भट्टी पेटली आणि पेटलेलीच राहिली. बेचाळिसावी सळई मिस्त्रींनी गार झाल्याबरोबर स्वतः देवळात पोचवली.

गावाने मंडप बांधायला काढला. जाड-बारीक सळया पाहून गवंड्याने कपाळाला हात लावला, पण बांधला. फक्त शेवटच्या कोपऱ्यात सळया कमी पडल्या. गावकरी मिस्त्रींना चिडवायला लागले, "चार वेला मिल बंद पाड ना, मंडप पुरा व्हईल." मिस्त्री हात जोडून म्हणायचे, "देवीला सांगलंय मी, थांब जराशी. मिल चालू हाय."

त्या कोपऱ्यावर गावाने पत्रा टाकला. अजूनही कधी त्या बाजूला गेले, की मी देवळात जाते आणि देवीच्या आधी त्या पत्र्याला नमस्कार करते.