गळ्यावर बोट ठेवून

"सर, कॅन्सर आहे. स्वरयंत्रात," लातूरचे डॉक्टर म्हणाले. शेजारी बसलेल्या सुमननं, माझ्या बायकोनं, माझा हात घट्ट धरला.

कित्येक आठवडे आवाज बसलेला होता. कॉलेजात तास घेऊन घसा दुखावला असेल म्हणून मी गुळण्या करत राहिलो. शेवटी बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला. तुमचा आवाज असा बसून राहिला तर काढे पीत बसू नका, लगेच दाखवा.

माझं सगळं आयुष्य आवाजावर उभं होतं. मी बिलोलीकडच्या शेतमजुराचा मुलगा. फौजेत हवालदार झालो, माझ्या हुकमावर अख्खी तुकडी वळायची. पेन्शनीवर आल्यावर समाजकार्य शिकलो, पीएच.डी. केली आणि नांदेडला प्राध्यापक झालो. रविवारी विहारात बुद्धवंदना मीच घ्यायचो.

डॉक्टर म्हणाले, "लॅरिंजेक्टॉमी करावी लागेल." म्हणजे स्वरयंत्रच काढायचं. पुढं श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. "आवाज जाईल, जीव राहील."

घरी आल्यावर मी म्हणालो, "ऑपरेशन नको. मुका मास्तर काय कामाचा?"

सुमन चिडली. "तुमचा आवाज मला लई आवडतो. पण मला त्या आवाजासंगं न्हाई, तुमच्यासंगं ऱ्हायचंय."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना होकार कळवला. ऑपरेशनच्या सकाळी मी मोठ्यानं त्रिशरण म्हटलं आणि स्ट्रेचरवर आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा गळ्यातून शीळ घातल्यासारखा श्वास येत होता. आरशात पाहायला धीर झाला नाही. नंतर रेडिएशन झालं. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. पाटीवर लिहून बोलायचो.

बरा झाल्यावर विहारात गेलो. वंदना कोण घेणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा मागच्या रांगेतली सुमन पुढं येऊन बसली. सुरुवातीला तिचा आवाज कापला, मग सरळ झाला. मी हात जोडून नुसते ओठ हलवत होतो. फौजेत पदक मिळालं तेव्हाही माझी छाती इतकी फुगली नव्हती.

पुढं डॉक्टरांनी श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये व्हॉइस प्रोस्थेसिस बसवलं. ही बारीक झडप असते. गळ्याचं भोक बोटानं दाबलं की हवा तिच्यातून अन्ननलिकेत जाते आणि आवाज फुटतो. आधी नुसती घरघर व्हायची. सुमन रोज समोर बसून म्हणायची, "अजून जरा मोठ्यानं." असं करत करत मी पुन्हा वर्गात उभा राहिलो. पोरं आपणहून पुढच्या बाकांवर सरकली.

आता डॉक्टर मला अधूनमधून वॉर्डात बोलावतात. परवा लोह्याचा एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याच ऑपरेशनला काही केल्या तयार होईना. मी गळ्यावर बोट ठेवून त्याला सगळं समजावलं.

बसक्या आवाजात त्यानं विचारलं, "सर, यातून शिवी देता येती का?"

मी बोट नीट दाबलं आणि फौजेतली एक अस्सल शिवी त्याला ऐकवली.

वॉर्डात हशा पिकला. डोळे पुसत त्याची बायकोही हसली. तो डॉक्टरांकडे वळला.

"करा ऑपरेशन," तो म्हणाला.