डावीकडून एकविसावा

आमटीभात झाला, वर वाटीभर ताक झालं, आणि पुरुषोत्तम निमकर दुकानाचं शटर कमरेइतकं खाली ओढून बाकावर आडवे होतात. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटून विचार करायचा, असं ते स्वतःला बजावतात. गेली पंचवीस वर्षं ते रोज दुपारी हेच बजावतात आणि रोज घोरतात.

आज मात्र विचार करावा असं खरंच काही आहे. टेबलावर मिरजेच्या अंधशाळेचा जुना कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडला आहे. कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं शाळेचं यंत्र फक्त याच्याशीच बोलतं. त्याचं लांबुडकं कार्ड नव्या मशीनच्या कुठल्याच फटीत शिरत नाही. उलट, ठिपक्यांचा जो नवा प्रोग्राम शाळेला मिळाला आहे, तो याचा मंद प्रोसेसर पाहूनच नाक मुरडतो. म्हणजे मदरबोर्ड जुनाच हवा आणि प्रोसेसर वेगवान हवा. सोमवारपासून मुलांची परीक्षा, एकही प्रश्नपत्रिका उठलेली नाही, आणि चार वाजता मुख्याध्यापिका हुक्केरीबाई येणार. त्यांना ‘झालं’ तरी सांगायचं, नाहीतर ‘भंगारात टाका’ तरी.

‘भंगारात टाका’ हे शब्द या दुकानात आजवर कुणी उच्चारलेले नाहीत. बाहेर पाटी आहे ‘निमकर आणि बागवान’, आणि त्या पाटीचा सगळा तोरा एवढ्यावरच उभा आहे.

इलाज हाताशी आहे. अडॅप्टर. उभं राहणारं एक कार्ड. खाली सोनेरी दातांची रांग, ती जुन्या बोर्डात रुतते. वर नव्या प्रोसेसरला बसायला पाट. असा शेवटचा अडॅप्टर बागवानांच्या खणातून सकाळी निघाला, त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. ‘डावीकडून एकविसावा दात झाकणे. बाकी ठीक.’ निमकरांनी दात मोजला, टेपची कपची लावून झाकला, बटण दाबलं. स्क्रीन काळी. पुन्हा मोजला. काळी. तिसऱ्यांदा मोजला आणि जेवायला बसले.

डोक्यावर पंखा फिरतो आहे. त्याचा आवाज बारीक होत जातो, प्रोसेसरवरच्या पंख्याएवढा होतो, आणि कानापाशी खसाचा वास येतो.

“झोपलासा व्हय?”

टेबलापलीकडच्या खुर्चीत इस्माईल बागवान बसले आहेत. करडी सफारी, खिशाला टेस्टर, कानात अत्तराचा फाया. तीन वर्षांत त्या खुर्चीत कुणी बसलेलं नाही. गिऱ्हाईक बसायला गेलंच तर निमकर सांगतात, पाय मोडलाय तिचा. पाय चारही शाबूत आहेत.

“विचार करतोय,” निमकर म्हणतात.

“ऐकतोय की कवापासनं. लई मोठा विचार दिसतोय.”

“इस्माईलभाई, तुम्ही गेलात ना?”

“गेलो की. तुम्हीच खांदा दिलासा. तुमची उंची कमी, सगळा भार मागल्या माणसावर.”

“तिकडे कसं आहे?”

बागवान जरा पडेल चेहऱ्यानं टेस्टर काढतात, पुन्हा खिशाला लावतात. “तक्रार न्हाई. पण सगळं नवं. दुरुस्तीला म्हणून काय येतच न्हाई बघा.”

निमकरांना वाईट वाटतं. ते अडॅप्टर पुढे सरकवतात. बागवान तो दोन बोटांत धरतात, आणि बावीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलेलं तेच सुरू करतात. “अडॅप्टर म्हंजे लग्न जमवणारा. जुन्या घराला सांगायचं, पोरगी साधी हाय. पोरीला सांगायचं, घर नव्या वळणाचं हाय. आन् एक गोष्ट झाकायची. एकच. दोन झाकल्या की ती फसवणूक.”

“झाकली. तीनदा झाकली. जमत नाही.”

“चला, बघू.”

टेबल लांबत जातं. ते दोघं बोर्डावरून चालत आहेत. पायाखाली हिरवीगार जमीन, तांब्याच्या पायवाटा, दोन्ही हातांना कपॅसिटरच्या गोल पाण्याच्या टाक्या. एका टाकीच्या सावलीत सतारमेकर तार ताणत बसला आहे. तो निमकरांना ओळख देतो, बागवानांना सलाम करतो. कुणाला कशाचं नवल वाटत नाही.

“पाटीवर माझं नाव कशाला ठेवलंय अजून?” बागवान चालता चालता विचारतात.

“रंगारी मिळत नाही.”

“मिरजेत रंगारी मिळंना?”

“चांगला मिळत नाही.”

बागवानांची चाल जरा ऐटीची होते.

पुढे कृष्णेचं पात्र आहे. पाण्याच्या मधोमध, धारेच्या लांबीनं, सोनेरी दगडांची एक रांग. निमकर अलीकडच्या काठावर उभे आहेत आणि बागवान पलीकडच्या. कधी गेले, कसे गेले, कळत नाही; सफारी मात्र कोरडी आहे.

“डावीकडनं मोजा!” पलीकडून हाक येते.

निमकर काठानं मोजत निघतात. एक, दोन, तीन. एकविसाव्या दगडासमोर थांबतात. “एकवीस!”

“एकवीस!” बागवानही ओरडतात. पण त्यांचा आवाज समोरून येत नाही. तो पार दूर, रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून येतो. दोघांच्या मध्ये ऐंशीएक दगड चकाकत आहेत.

निमकर बघत राहतात. नदी ओसरते, टेबलाएवढी होते, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या.

“माझी डावी कुठली वो?” बागवान हळूच विचारतात.

“माझी उजवी.”

“बावीस वर्षं समोरासमोर बसलो. तिथं बसून तीनशेदा मोजा, माझा दात घावायचा न्हाई.”

“मग चिठ्ठीत लिहायचं ना, ‘माझ्या डावीकडून’!” निमकर चिडतात. तीन वर्षांत प्रथमच कुणावर तरी मनापासून चिडतात.

“मला काय ठाऊक, मी नसणार हाय?”

पंखा फिरतो. मग बागवान खुर्चीच्या हातावर थाप मारतात. “इथं येऊन बसा.”

“तिचा पाय मोडलाय.”

“व्हय? मग मी कशावर बसलोय?”

निमकर वाकून खुर्चीचे पाय बघतात.

“आन् ती टेप काढा. जाड असती, कार्ड नीट बसंना होतं. नेलपॉलिश लावा.”

“तुम्ही घरून आणलेली शमीमभाभींची बाटली खणात वाळून खडा झालीय.”

“करंगळी द्या इकडं.” बागवान बाटलीतला कुंचला उरल्यासुरल्या नदीत बुडवतात आणि निमकरांच्या करंगळीच्या नखावरून फिरवतात. दर वेळी असंच करायचे. कुंचला चालतो की नाही हे निमकरांच्या नखावर बघायचे. स्वतःच्या नखावर लावलं तर लोक हसतात म्हणून.

“शोभतंय,” ते गंभीरपणे म्हणतात.

शटरवर काठी वाजते.

“निमकर, चार वाजले,” हुक्केरीबाई म्हणतात. वाकून, काठीनं चाचपत आत येतात. जन्मापासून दिसत नाही त्यांना. दुकानातलं सगळं मात्र त्यांना माहीत आहे.

निमकर उठून बसतात. डाव्या करंगळीचं नख लालभडक आहे. अंगठा लावतात, अंगठ्याला रंग येतो. ओला आहे.

ते खणातल्या बाटलीकडे बघत नाहीत, कशाकडेच बघत नाहीत. टेबलाला वळसा घालतात आणि पलीकडच्या खुर्चीत बसतात. इथून दुकान निराळंच दिसतं. समोर एक रिकामी खुर्ची आहे, निमकरांची. बावीस वर्षं बागवानांना हेच दिसत होतं, फक्त ती भरलेली.

डावीकडून एकविसावा. टेप सोलून काढतात, काडीच्या टोकानं नखावरचा रंग उचलतात, दातावर ठेवतात. फुंकर मारतात. कार्ड रुतवतात.

“आज पलीकडनं बोलताय?” बाई विचारतात.

“अजून बोललो कुठे?”

“श्वास पलीकडनं येतोय. त्या खुर्चीचा पाय मोडलाय ना?”

“चारही शाबूत आहेत.”

बटण दाबतात. पंखा घरघरतो. मग एक टुक् वाजतं, स्पष्ट, एकच, आणि बाईंची मान ताठ होते, कारण या मशीनच्या टुक्‌चा अर्थ त्यांना स्क्रीन बघणाऱ्यापेक्षा आधी कळतो.

“सोमवारी पेपर होणार!”

“होणारच. हे दुकान कुणाचं आहे?”

“तुमचं.”

“पाटी वाचली नाहीत वाटतं.”

बाई खळखळून हसतात. मग थांबून नाक वर करतात. “निमकर, नेलपॉलिशचा वास येतोय. तुम्ही लावलंत?”

“बागवानांनी.”

बाई काठी टेबलाला टेकवून ठेवतात. “रंग कुठला?”

निमकर करंगळी उजेडाकडे धरतात. काडीनं उचललं तिथे पांढरा ओरखडा आहे, बाकी सगळं लाल.

“लाल,” ते म्हणतात. “शोभतंय.”