कार्बनचं शिखर

धारच्या त्या मुलावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. त्याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. मी देवासची; बाबा कारखान्यातल्या नोकरीपायी महाराष्ट्रातून इकडे आलेले. तो धारचा, जुन्या दरबारी घराण्यातला. त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, तरी मी त्याला इंदुरी थाटात भियाच म्हणायचे, म्हणजे भाऊ. इंदूरला आम्ही एकाच सरांकडे पीएचडी करत होतो आणि पुढची फेलोशिप दोघांपैकी एकालाच मिळणार होती. ती गेली की माझं शिक्षण संपलंच, घरी स्थळं बघणं सुरू होतं.

माझं काम काचेवर चढवलेल्या क्रोमियमच्या पातळ थरावर. क्ष-किरण सोडले की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात, आणि अणूनं त्यांना किती घट्ट धरलं होतं ते कळतं. ती बाइंडिंग एनर्जी. पण काचेतून वीज वाहत नाही. इलेक्ट्रॉन गेले की नमुन्यावर धनभार साचतो आणि सगळेच आकडे फुगतात. म्हणून हवेतून प्रत्येक नमुन्यावर बसणारा कार्बन आधी बघायचा. त्याचं शिखर आलेखातल्या ठरलेल्या जागेपासून जेवढं सरकलं असेल, तेवढं सगळ्यातून वजा करायचं. हे आमच्याकडे नवशिक्यालाही माहीत असतं.

मशीनवर महिनोन्‌महिने नंबर लागायचा नाही. माझा लागला त्याच दिवशी बाबांचं ऑपरेशन निघालं. भिया म्हणाला, "टेन्शन नको घेऊ यार, तुझे नमुने मी लावतो." आठवड्यानं त्यानं फ्लॉपी दिली. क्रोमियमचं शिखर जास्त एनर्जीकडे चांगलंच सरकलेलं; म्हणजे आम्ही धरून चाललो होतो त्याहून वेगळ्याच रासायनिक अवस्थेतलं क्रोमियम, एक नवा शोधच.

"कार्बन बघितलास ना?" मी विचारलं.

"बघितला गं. वजा करूनच दिलंय. तू लिहायला लाग."

फ्लॉपीत कार्बनची फाइल नव्हती. ते मला दिसलं होतं, पण मागायचा संकोच वाटला. बाबा दवाखान्यात असताना जो माणूस माझ्यासाठी दिवसभर मशीनपाशी बसला, त्याच्याकडे पुरावा काय मागायचा? मी अहवालात लिहून टाकलं की कार्बनची दुरुस्ती केली आहे.

सेमिनारमध्ये माझं बोलणं संपलं आणि तोच उठला. शांतपणे म्हणाला, "कार्बन कुठे होता?" मग खिशातून घडी घातलेला कागद काढून सरांपुढे ठेवला. माझ्याच नमुन्याचा कार्बन, क्रोमियमइतकाच सरकलेला. वजाबाकी झालेलीच नव्हती. माझा शोध तिथेच बाद झाला.

सरांनी एवढंच विचारलं, "तू स्वतः पाहिला होतास?"

मी नाही म्हणाले. त्यानं काय सांगितलं होतं ते जिभेवर आलं होतं. पण अहवालावर सही माझी होती. फेलोशिप त्याला मिळाली.

नंतर तो कँटीनमधून दोन चहा घेऊन आला. "मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाला. आणि मी मूर्ख, थँक्यू म्हणून तो चहा प्यायले.