किनारपट्टीत घातलेलं उदगीर

उदगीरच्या वीरण्णा शेटकाराला नवी गाडी दिसली की तो आधी तिच्या पोटाखाली बघायचा. बाकीची माणसं रंग बघत, गादी दाबून बघत, हॉर्न वाजवत. वीरण्णा उकिडवा बसायचा आणि गाडीच्या पोटाखाली वीत घालायचा. वीत आरामात गेली तर मान हलवायचा. नाही गेली तर धोतर झटकून उठायचा आणि म्हणायचा, "ही पुण्यालाच बरी."

बापाचं चौबाऱ्याजवळ भुसाराचं दुकान होतं. थोरला म्हणून गादीवर वीरण्णानंच बसायचं ठरलेलं, पण त्याचं लक्ष तराजूत कमी आणि रस्त्यावर जास्त. विसाव्या वर्षी त्यानं लायसन काढलं, जुनी अ‍ॅम्बॅसिडर घेऊन टॅक्सी स्टँडवर लावली आणि दुकान धाकट्याच्या हवाली केलं. बाप वर्षभर बोलला नाही. हैदराबादला भाडं गेलं की वीरण्णा जुन्या पुस्तकांच्या बाजारातून मोटारींची इंग्रजी मासिकं किलोवर घेऊन यायचा. सातवीपर्यंतच्या इंग्रजीवर, शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक ओळ लावायचा. बायको गौरम्मा शेजारणीला सांगायची, "पोथी वाचावी तसं वाचतेत. मधी बोललेलं चालत न्हाई."

त्याची मतं स्टँडवर प्रसिद्ध होती. मुंबईचा माणूस गाडी घेताना ती गल्लीत मावेल का हे बघतो, हैदराबादचा शेठ रुबाब बघतो, आणि आपल्याकडचा माणूस बारा जणं आणि चार पोती बसतील का एवढंच विचारतो, असं तो म्हणायचा. छोटी मारुती पहिल्यांदा उदगिरात आली तेव्हा त्यानं तिच्या इंजिनाला कान लावला. "चालू हाय का बंद, कळत न्हाई. लई गुणी इंजिन," त्यानं कबूल केलं. "पर वऱ्हाडाला कशी न्यायची? नवरा-नवरी बसतील, कलवऱ्या पायी."

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. उदगीरकरांना वाटत होतं जिल्हा आपलाच होईल, म्हणून थोडं मन खट्टू झालं. पण उस्मानाबादचे हेलपाटे वाचले. नव्या जिल्ह्याबरोबर नवी ऑफिसं आली, ऑफिसांमागं सरकारी कामांचे ठेके घेणारे गुत्तेदार आले, आणि गुत्तेदारांमागं औसा रोडला एका मोटारकंपनीची शोरूम आली. तिथं काचेत 'सारंग' उभी राहिली. नऊ माणसांची डिझेल व्हॅन. भिंतीवर कंपनीच्या 'उद्याच्या गाडी'चं चित्र होतं, तिला अख्खं छत काचेचं. "वैशाखात बसा म्हणावं हिच्यात," वीरण्णा म्हणाला. सारंगच्या पोटाखाली मात्र त्याची वीत गेली, वर चार बोटं उरली. दरवाजे रुंद, इंजिन दमदार. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नव्या कोऱ्या गाडीला हार घातला. अ‍ॅम्बॅसिडर विकली, सारंग घेतली. पहिलं वर्ष तो तिचं एवढं कौतुक करत फिरला, की त्याच्या शब्दावर उदगीर-जळकोटकडच्या आठ-दहा जणांनी सारंगच घेतली.

मग पंच्याऐंशीचा पावसाळा कोरडा गेला. शहाऐंशीचा उन्हाळा आला तो विहिरींचे तळ दाखवतच. उदगिरात नळ आठवड्यातून एकदा, खेड्यांत टँकर येईल तेव्हा. आणि त्याच उन्हात सारंग उकळायला लागली. सपाटीला ठीक चालायची. चढ लागला, गाडी भरलेली असली, की वीस मिनिटांत काटा लाल. झाकण काढलं की वाफेचा फवारा. वीरण्णा पाण्याचा डबा जवळ ठेवायचा. एकाचे दोन डबे झाले. घरात गौरम्मा भांडी राखेनं कोरडी घासत होती आणि नवरा रोज दोन डबे गाडीला पाजत होता.

चैत्रातल्या एका दुपारी जळकोटकडून अडलेली बाई घेऊन तो उदगीरच्या दवाखान्यात निघाला. चढावर गाडी उकळली. दोन्ही डबे ओतले, ते वाफ होऊन गेले. बाई आत कण्हत होती, तिची सासू देवाचं नाव घेत होती. रस्त्याकडेला पाच-सहा घरांची वाडी. वीरण्णा पहिल्याच दारात गेला. दारात लक्ष्मम्मा नावाची साठीची विधवा बसली होती, शेजारी दोन कळशा, झाकून ठेवलेल्या. पहाटे तीनला उठून, दीड कोसावरच्या झऱ्यातून वाटीवाटीनं भरून आणलेल्या. वीरण्णाला मागायला तोंडच होईना. तिनं गाडीकडं बघितलं, आतला आवाज ऐकला आणि स्वतःच कळशी उचलली.

"वता," ती म्हणाली. "बाई अडलीया."

एक कळशी गेली, दुसरी गेली. गाडी चालू झाली. बाई दवाखान्यात पोचली, सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली. सासूनं वीरण्णाच्या हातावर साखर ठेवली, ती त्याला कडू लागली. त्या म्हातारीनं त्या दिवशी काय प्यायलं असेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी नळ आल्यावर तो दोन घागरी घेऊन वाडीवर गेला. लक्ष्मम्मानं घेतल्या, उपकार मानले नाहीत. "लई पाणी पिती की तुझी गाडी," एवढंच म्हणाली. ते त्याला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

पंधरा दिवसांनी बिदरचं भाडं लागलं. उदगिराहून बिदर म्हणजे दोन तासांची वाट, पण राज्य दुसरं. तिथल्या स्टँडवर त्याच्यासारखीच पांढरी सारंग उभी होती. ड्रायव्हर मलप्पा भर उन्हात अकरा माणसं कोंबून नुकताच घाट चढून आला होता.

"उकळत न्हाई का?" वीरण्णानं विचारलं.

"यातक्के?" मलप्पानं उलट विचारलं. कशाला उकळेल?

वीरण्णानं बॉनेट उघडायला लावलं आणि बघतच राहिला. रेडिएटर त्याच्या रेडिएटरपेक्षा चार बोटं जाड. पंख्याला त्याच्याकडं चार पाती, इथं सहा. धूळ अडवायला तेलाचं मोठं फिल्टर, त्याच्या गाडीला नुसता कागदी डबा. मॉडेल तेच, साल तेच, नाव तेच. त्यानं खिशातून वही काढली, सुतळीनं मापं घेतली, लिहून काढली. मग सगळी परत एकदा मोजली. मलप्पाला वाटलं ह्याला ऊन लागलं, त्यानं ताक मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरण्णा लातूरच्या शोरूममध्ये होता. मॅनेजर पुण्याकडचा, स्वच्छ कपड्यांतला माणूस. त्यानं वही बघितली आणि समजूत घातल्यासारखा हसला. मग टेबलाच्या काचेखालचा नकाशा दाखवला. कंपनीनं देशाचे भाग पाडले होते. जिथं उष्ण, कोरडी हवा आणि धूळ, तिथं जाड रेडिएटरची गाडी. जिथं समुद्राची दमट हवा, तिथं साधी. महाराष्ट्र सगळाच्या सगळा एका हिरव्या रंगात होता.

"तुमचा जिल्हा आमच्या किनारपट्टी विभागात येतो," मॅनेजर म्हणाला.

वीरण्णाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "किनारपट्टी?"

"मुंबईपासून एकच विभाग आहे. कंपनीची पद्धत आहे ती."

"साहेब, किनारा कुठला हो आमचा? मांजरा नदीचा?" वीरण्णाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मांजरेत आज ढोरं चालून राहिली. तुमच्या माणसानं हिथं येऊन एकदा श्वास घेतलाय का? तोंडात धूळ येती, ती बी कोरडी. आन् बिदरला हवा वेगळी हाय व्हय? दोन तासांच्या वाटंवर?"

"बिदर दक्षिण विभागात आहे."

"मग मला बिदरचा रेडिएटर द्या."

"दुसऱ्या विभागाचा पार्ट आम्हाला देता येत नाही. आणि बाहेरून बसवलात तर गॅरंटी जाईल."

वीरण्णा उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला. "मी आठ-दहा जणांला ही गाडी घ्यायला लावली. माझ्या जिभेवर घेतली त्यांनी. आता त्यांच्या आया-बहिणींच्या तोंडचं पाणी ही गाडी पिऊन राहिली. हे तुमच्या नकाशावर कुठं लिवलंय, ते दावा."

मॅनेजरनं वही मिटून त्याच्यापुढं सरकवली. त्या दिवसापासून वीरण्णा कंपनीला पत्रं लिहायला लागला. मराठीत लिहायचा आणि शब्दकोश घेऊन खाली इंग्रजीत. मापं, तारखा, कुठल्या चढावर किती वेळात उकळली, किती पाणी लागलं. अकराव्या पत्राला उत्तर आलं: इंजिनीअर पाहणीला येतील.

मेच्या शेवटच्या आठवड्यात इंजिनीअर आला. तरुण, बोलायला नम्र. त्याला वाटत होतं ड्रायव्हर लोक गिअर चुकीचे टाकतात. वीरण्णा म्हणाला, "तुम्ही चालवा." भर दुपारी, गाडीत नऊ माणसं बसवून, इंजिनीअर स्वतः स्टेअरिंगवर, जळकोटच्या रस्त्याला. वीरण्णानं डबे मुद्दाम घेतले नव्हते. चढावर अठराव्या मिनिटाला काटा लाल झाला. गाडी थांबली ती लक्ष्मम्माच्या वाडीच्या अलीकडं, अर्ध्या फर्लांगावर.

इंजिनीअर घामानं निथळत उतरला, चालत दारात गेला. वीरण्णा मागं होता. लक्ष्मम्मानं दोघांना सावलीला बसवलं. तांब्या भरून आणला. इंजिनीअर घटाघटा प्यायला. मग म्हणाला, "आजी, गाडीसाठी थोडं मिळेल का?"

"न्हाई," ती म्हणाली. "मानसाला देते. गाडीला एकडाव दिलं, बाई अडली व्हती म्हणून. आता कोन अडलंय?"

सगळे कडुलिंबाखाली बसून राहिले. दोन तासांनी इंजिन निवलं, पण आत पाणीच नाही. शेवटी एक बैलगाडीवाला ढोरांचं गढूळ पाणी घेऊन चालला होता, त्यानं डबाभर दिलं. परतताना इंजिनीअर म्हणाला, "शेटकार, तुमची मापं बरोबर आहेत. मी लिहितो वर."

त्यानं लिहिलं, हे खरं. कारण पावसाळ्यानंतर कंपनीचं पत्र आलं: विभागांची रचना बदलता येणार नाही, तरी ग्राहकांनी उन्हाळ्यात दूरच्या प्रवासात पाण्याचा जादा साठा जवळ बाळगावा. सोबत गाडीच्या काचेला लावायला छापील चिठ्ठी होती, तेच सांगणारी.

वीरण्णानं पत्र दोनदा वाचलं. गौरम्मा म्हणाली, "सोडा आता. देवाच्या मनात आसल तसं हुईल."

"हे देवाच्या मनातलं न्हाई, गौरा. हे कुणीतरी पट्टी घेऊन आखलंय."

त्यानं सारंग थेट सिद्धलिंग मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. सिद्धलिंग देगलूर रोडला भंगारातल्या लष्करी जीपांचे भाग विकायचा. दोघांनी चार दिवस खपून जुन्या जीपचा जाड रेडिएटर बसवला, दोन पट्ट्या वेल्ड केल्या, पंख्याला सहा पाती केली. गॅरंटी गेली. पुढच्या चैत्रात त्याच चढावर, तेवढीच माणसं घेऊन, काटा मधेच थांबला. वीरण्णानं ज्यांना ज्यांना गाडी घ्यायला लावली होती, त्या प्रत्येकाच्या दारात तो गेला. "मी चुकलो, गाडी घेऊन या," म्हणाला. एकेक करून सगळ्यांच्या गाड्या बदलल्या. सिद्धलिंग भागांचे पैसे घ्यायचा, वीरण्णा दिवसभर त्याच्या हाताखाली फुकट राबायचा. तेवढे दिवस स्टँडवर त्याची गाडी उभी नसायची.

एकोणनव्वदला कंपनीनं 'सारंग ग्रामीण' काढली. जाड रेडिएटर, सहा पाती, तेलाचं फिल्टर. शोरूममध्ये सोहळा झाला. आमच्या तज्ज्ञांनी ग्रामीण भागाचा सखोल अभ्यास केला, असं कंपनीकडून आलेल्या पाहुण्यानं भाषणात सांगितलं. किंमत अर्थात वाढवली होती. वीरण्णाला निमंत्रण नव्हतं, तरी तो गेला, मागं उभा राहिला. भाषण संपल्यावर त्यानं हात वर केला.

"अभ्यास कुठं केला, गावाचं नाव सांगा."

पाहुण्यानं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनं चहा आला आहे असं सांगितलं.

"आन् ज्यांनी आधी घेतली, त्यांला ह्यो रेडिएटर फुकट देणार का?"

चहा खरंच आला होता. लोक तिकडं वळले. वीरण्णा चहा न घेता बाहेर पडला. रागानं त्याला औसा रोडपासून एसटी स्टँडपर्यंत चालत आल्याचंही कळलं नाही. सारंग शोरूमसमोरच राहिली होती. परत जाऊन आणावी लागली.

तो राग कधी गेला नाही. पण त्याचा उपयोग व्हायला लागला. उदगीर, देगलूर, जळकोटकडं कुणी गाडी घ्यायची म्हटलं की आधी वीरण्णाअण्णाला बरोबर न्यायची पद्धत पडली. डॉक्टर, मास्तर, अडते, सगळे. तो पैसे घेत नसे, जेवण घेत असे. विक्रेते त्याला बघितलं की चुळबुळायचे.

पुढं बऱ्याच वर्षांनी तो नांदेडला एका मुख्याध्यापकांबरोबर गाडी बघायला गेला. विक्रेता पोरसवदा, पाठ केलेलं बोलत होता. महागाच्या मॉडेलला काय काय जास्त आहे ते मोजून दाखवत तो म्हणाला, "आणि सर, हिच्यात हीटर कंपनीकडूनच येतो."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. वीरण्णानं विचारलं, "एसी?"

"एसी वरच्या मॉडेलला आहे, काका. हिला नाही."

बाहेर मे महिना होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. वीरण्णानं शांतपणे खुर्ची ओढली आणि विक्रेत्यासमोर बसला.

"लेकरा, तुझी चूक न्हाई," तो म्हणाला. "पर तुझ्या साहेबाला फोन लाव. नांदेडात हीटर कुणी मागितला, त्या गिऱ्हाइकाचं मला नाव पायजे. तोवर मी बसतो."

मुख्याध्यापक घड्याळ बघत राहिले. विक्रेत्यानं फोन लावला.